तूट कुठे जाते? प्रणाली आणि प्रणाली विश्लेषण यांची ओळख

सांगली किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहाटे साडेपाच-सहाच्या सुमाराला दूध संकलन केंद्रापुढे किटल्यांची रांग लागते. सभासद आपले दूध काट्यावर ठेवतो, केंद्रातला कर्मचारी त्यातून थोडा नमुना घेऊन तपासणी यंत्राला लावतो, यंत्र फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धांश वगळून उरणारे घनपदार्थ, यांचे आकडे दाखवते, त्या दोन आकड्यांवरून दरपत्रकातला दर निघतो आणि छापील पावती सभासदाच्या हातात पडते. दूध गाळून बल्क कूलरमध्ये जाते, तिथे चार अंश सेल्सिअसपर्यंत थंड होते आणि टँकर आला की गावोगावचे दूध विकत घेणाऱ्या दूध संघाकडे रवाना होते. संध्याकाळी हाच क्रम पुन्हा चालतो. दर दहा दिवसांनी बिल निघते आणि त्यातून पशुखाद्याचे पैसे, उचल आणि ठेव वजा होऊन उरलेली रक्कम खात्यावर जमा होते.

संगणकशास्त्राच्या किंवा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात प्रणाली आणि प्रणाली विश्लेषण हा विषय असतो आणि बहुतेक विद्यार्थी तो व्याख्या पाठ करून पार पाडतात. प्रणालीची वैशिष्ट्ये पाच गुणांसाठी लिहायची आणि विसरून जायचे, असा त्याचा प्रवास होतो. वास्तविक या विषयात पाठ करण्यासारखे फारसे काही नाही. त्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते वर वर्णन केलेल्या केंद्राच्या ओट्यावर उभे राहूनही पाहता येते.

ठरावीक हेतूसाठी परस्परांशी जोडलेल्या घटकांचा समूह म्हणजे प्रणाली. या व्याख्येतला महत्त्वाचा शब्द ‘जोडलेल्या’ हा आहे. काटा, तपासणी यंत्र, कूलर आणि संगणक या वस्तू दुकानदाराच्या गोदामात शेजारी शेजारी ठेवल्या तर तो केवळ माल असतो. काट्यावरचे वजन आणि यंत्रातला फॅट एकाच सभासदाच्या नावावर, एकाच वेळेच्या दुधापोटी, एकत्र नोंदले जाऊ लागले की त्यांची प्रणाली होते. प्रणाली या शब्दाचा संस्कृतातला जुना अर्थ पाण्याचा पाट किंवा पन्हळ असा आहे, आणि शिवलिंगावरच्या अभिषेकाचे पाणी ज्या मार्गाने बाहेर पडते त्याला प्रणाल म्हणतात. सिस्टीमसाठी हा शब्द ज्यांनी योजला त्यांच्या मनात तो अर्थ असो वा नसो, तो फार चपखल बसला आहे; कारण प्रणाली समजून घ्यायची म्हणजे काय कुठून निघते आणि कुठे जाऊन पडते, हेच शोधायचे असते.

प्रणालीत बाहेरून जे येते ते आदान, त्यावर जे केले जाते ती प्रक्रिया आणि बाहेर जे जाते ते प्रदान, ही त्रयी सर्वांना ठाऊक असते. केंद्रात दूध येते, तपासले आणि थंड केले जाते, टँकरमधून बाहेर जाते. परंतु दुधाबरोबर आणखी एक प्रवाह याच ओट्यावरून वाहत असतो, तो म्हणजे माहितीचा. सभासद क्रमांक, वजन, फॅट आणि एसएनएफ हे त्याचे आदान आणि पावती, बिल व संघाला जाणारा गोषवारा हे त्याचे प्रदान. दुधाचा प्रवाह थांबला तर लगेच कळते, कारण दूध नासते. माहितीचा प्रवाह कुठे मुरला तर ते महिनोन्‌महिने कळत नाही, आणि व्यवसायातल्या प्रणालींचे विश्लेषण अवघड होते ते मुख्यतः यामुळेच.

चौथा घटक म्हणजे प्रत्याभरण, ज्याला बोलण्यात सगळेच फीडबॅक म्हणतात. प्रदानाबद्दलची माहिती पुन्हा प्रणालीत परत येणे आणि त्यानुसार प्रणालीने स्वतःला सावरणे, असा त्याचा अर्थ. कूलरमधले दूध पुरेसे थंड झाले की कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो आणि तापमान चढले की पुन्हा सुरू होतो, हे यंत्रातले प्रत्याभरण झाले. सभासदाने पावतीवरचा फॅट पाहून ‘काल चार होता, आज साडेतीन कसा?’ असे विचारणे हेही प्रत्याभरणच आहे. पहिले प्रत्याभरण तारेतून येते आणि दुसरे माणसाच्या तोंडून, एवढाच फरक. पण पहिल्याची सोय यंत्र बनवणारा आठवणीने करतो आणि दुसऱ्याची सोय करायला आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, लिहिणारा पुष्कळदा विसरतो.

प्रणालीला सीमाही असते, आणि ती कोणीतरी आखावी लागते. गोठ्यातली म्हैस या प्रणालीच्या आत आहे की बाहेर? फक्त पावत्या आणि बिले संगणकावर आणायची असतील, तर म्हैस बाहेर. पण दूध का घटते आहे हे शोधायचे असेल, तर तिचा चारा, वेत आणि आजारपण या सगळ्यासकट ती आत घ्यावी लागते. म्हणजे हेतू बदलला की सीमा बदलते. जीवशास्त्रातून प्रणालींच्या सर्वसाधारण सिद्धान्ताकडे वळलेल्या लुडविग फॉन बेर्टालान्फी यांनी सजीव हा भोवतालाशी सतत देवाणघेवाण करणारा, म्हणजे खुली प्रणाली असतो यावर भर दिला होता. केंद्र चालवणारी गावची दूध संस्थाही तशीच खुली असते. संघाने दर बदलला, वैरण महागली किंवा रस्ता पुरात वाहून गेला की तिला त्याचा परिणाम सोसावाच लागतो.

आता एक हिशेब पाहू. समजा टँकरमध्ये हजार किलो दूध भरले आणि संघाच्या प्रयोगशाळेत त्याचा फॅट ४.० टक्के लागला, तर त्यात ४० किलो स्निग्धांश आहे. त्या दिवशीच्या सर्व सभासदांच्या नोंदी घेऊन प्रत्येकाच्या दुधातला स्निग्धांश काढून बेरीज केली आणि ती ४१ किलो आली, तर एक किलो स्निग्धांश, म्हणजे त्या प्रतीच्या २५ किलो दुधातला स्निग्धांश, कागदावर आहे आणि टँकरमध्ये नाही. संस्थेने सभासदांना ज्याचे पैसे दिले ते संघाकडून तिला मिळणार नाहीत. ही तूट रोज थोडीथोडी येत राहते. काही ठिकाणी ती ‘घट’ म्हणून संस्थेच्या कमिशनमध्ये जिरवली जाईल, काही ठिकाणी सर्वांच्या फॅटला थोडी कात्री लावून भरून काढली जाईल, तर काही ठिकाणी सचिवावर संशय घेतला जाईल. मला विचाराल तर कुठलीही प्रणाली समजून घेण्यासाठी हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे: हिशेबात तूट आली तर ती कुठे जाते, आणि कोणाच्या खिशातून भरली जाते? या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात नसते. ते शोधून काढणे हे प्रणाली विश्लेषकाचे काम असते.

चहाची दुकाने आणि पहिला व्यावसायिक संगणक

प्रणाली विश्लेषण म्हणजे चालू असलेल्या कामाची बारकाईने पाहणी करून ते कशासाठी चालते, त्यात कोणती माहिती कुठून कुठे जाते आणि ते अधिक चांगले कसे होईल हे ठरवणे. संगणक हे त्यातले एक संभाव्य साधन असते, एवढेच. हे म्हणणे पटवण्यासाठी इतिहासात एक उत्तम उदाहरण आहे. ते विद्यापीठातले नाही आणि लष्करातलेही नाही. ते लंडनच्या एका चहावाल्या कंपनीचे आहे.

जे. लायन्स अँड कंपनीचे पहिले चहागृह १८९४ साली लंडनच्या पिकॅडिली भागात उघडले. पुढे अशी सुमारे दोनशे दुकाने झाली, आणि त्या सगळ्यांना ब्रेड, केक आणि इतर पदार्थ कंपनीच्या स्वतःच्या बेकरीतून रोज जात असत. चहाच्या कपावरचा नफा अगदी थोडा, पण कपांची आणि बिलांची संख्या प्रचंड, त्यामुळे हिशेबाचा खर्चच नफा गिळून टाकील अशी परिस्थिती होती. कंपनीने १९२३ साली केंब्रिजला गणित शिकलेल्या जॉन सिमन्स यांना नोकरीवर घेतले. त्यांच्या प्रभावाखाली १९३०च्या दशकात कार्यालयीन कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणारा एक स्वतंत्र विभागच उभा राहिला. तेव्हा जगात आजच्या अर्थाचा एकही संगणक नव्हता. त्या विभागातली माणसे कारकुनांच्या टेबलाशी बसत, एखादा कागद कोण भरतो, कोण वाचतो आणि कोणीच वाचत नसेल तर तो का भरला जातो, असे प्रश्न विचारत आणि उत्तरांवरून पद्धत बदलत.

१९४७ साली कंपनीने रेमंड थॉम्सन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफोर्ड या दोन अधिकाऱ्यांना अमेरिकेत कार्यालयीन पद्धती पाहायला पाठवले. तिथे प्रिन्स्टनमध्ये संगणकतज्ज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांच्याशी बोलताना त्यांना कळले की आपल्याच देशात, केंब्रिजमध्ये, मॉरिस विल्क्स संगणक बांधत आहेत. परत आल्यावर लायन्सने त्या कामाला तीन हजार पौंडांची मदत आणि आपला एक तंत्रज्ञ दिला. केंब्रिजचा एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी चालला, आणि त्याच्या आराखड्यावरून लायन्सने स्वतःचा संगणक बांधायला घेतला. त्याचे नाव लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस, म्हणजेच लिओ. १९५१ साली त्याच्यावर बेकरीच्या मालाचे मूल्य काढण्याचे काम सुरू झाले, आणि संगणकावर नियमितपणे चाललेले ते जगातले पहिले व्यावसायिक काम मानले जाते. पुढे कामगारांचा पगारही त्यावर होऊ लागला. अनुभवी कारकुनाला एका माणसाच्या पगाराच्या हिशेबाला आठ मिनिटे लागत, ते काम लिओ दीड सेकंदात करी.

परंतु मला त्या वेगापेक्षा १९५४ सालचे चहागृहांच्या मागणीचे काम अधिक लक्षणीय वाटते. त्या कामामागे डेव्हिड कॅमिनर होते, ज्यांना व्यवसायातले पहिले संगणकीय प्रणाली विश्लेषक म्हटले जाते. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापिकेने रोज उद्यासाठी लागणाऱ्या सगळ्या पदार्थांची मागणी नोंदवायची, ती मुख्य कार्यालयात पोहोचवायची आणि तिथे तिची बेरीज करायची, असा खटाटोप रोजचा असतो. सरळ विचार करणारा मनुष्य म्हणाला असता की संगणक वेगवान आहे, तर सगळे मागणीपत्रक त्याच्यात भरू. विश्लेषकांनी आधी वेगळाच प्रश्न विचारला: एका सोमवारच्या आणि दुसऱ्या सोमवारच्या मागणीत बदल होतो तरी किती? उत्तर आले की फारच थोडा. मग प्रत्येक दुकानाची आठवड्याच्या प्रत्येक वाराची ठरलेली मागणी संगणकाच्या पत्त्यांवर, म्हणजे छिद्रे पाडून माहिती नोंदवण्याच्या पंच कार्डांवर, कायमची नोंदवली गेली, आणि व्यवस्थापिकेने ठरलेल्या वेळी फोनवर फक्त बदल सांगायचा, अशी पद्धत बसवली. फोन ऐकणारी कर्मचारी कानाला हेडफोन लावून ते बदल थेट पत्त्यांवर छिद्रित करी. मधले कागद नाहीसे झाले, आणि ते यंत्राच्या वेगामुळे नव्हे तर विचारलेल्या एका प्रश्नामुळे.

हीच युक्ती दूध केंद्राला जशीच्या तशी लागू पडणार नाही, हेही इथेच सांगायला हवे. दूध रोज बदलते, त्याचा फॅटही बदलतो, त्यामुळे प्रत्येक वेळची नोंद घेणे अटळ असते. बिलातल्या कपाती मात्र बहुतेक ठरलेल्या असतात, तेव्हा तिथे दर बिलाला सगळे आकडे पुन्हा भरण्याऐवजी फक्त बदल नोंदवला तर काम निम्म्याने हलके होईल. दुसऱ्याच्या उत्तराची नक्कल करता येत नाही, त्याचा प्रश्न मात्र उसना घेता येतो.

विश्लेषक काम कसे करतो

पाठ्यपुस्तकात माहिती गोळा करण्याच्या चार पद्धती दिलेल्या असतात: मुलाखत, प्रश्नावली, कागदपत्रांची तपासणी आणि प्रत्यक्ष निरीक्षण. चौघींना सारखीच जागा दिलेली असते, पण त्यांचे वजन सारखे नसते. प्रश्नावलीतून जे कळते ते बहुधा आधीच ठाऊक असते. मुलाखतीत माणूस नियम सांगतो, आणि काम करताना अपवाद करतो. म्हणून दूध केंद्राची प्रणाली बसवणाऱ्याने चेअरमनच्या खोलीत चहा घेऊन परत येण्याऐवजी किमान एक पूर्ण बिलाचा काळ, पहाटे आणि संध्याकाळी, ओट्यावर काढला पाहिजे.

तिथे त्याला काय दिसेल? एकाच घरातल्या दोन भावांचे दूध एकाच किटलीत येते, पण पावत्या दोन लागतात. खाते वडिलांच्या नावावर आहे, वडील वारले आहेत, आणि वारसनोंद व्हायची आहे. एका सभासदाचे गाईचे आणि म्हशीचे दूध वेगवेगळे येते, त्यामुळे एका क्रमांकाला दोन दरपत्रके लागतात. वीज गेली की यंत्र बंद पडते, मग कर्मचारी कालचा फॅट लिहून मोकळा होतो आणि उद्या पाहू म्हणतो. दूध नासके निघाले तर ते परत दिले जाते, पण रांगेत आल्याची नोंद कुठेच राहत नाही. यातली एकही गोष्ट संस्थेच्या पोटनियमांत लिहिलेली नसते, तरी काम चालते ते याच गोष्टींवर. आज्ञावलीत यांना जागा ठेवली नाही, तर पहिल्या आठवड्यातच एक जाड वही पुन्हा टेबलावर येते, आणि मग संस्थेत दोन प्रणाली चालू लागतात: एक दाखवायची आणि एक खरी.

दहा दिवसांचे बिल हा शब्दप्रयोगही असाच फसवा आहे. पहिली दोन बिले दहा-दहा दिवसांची असतात, पण तिसरे २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचे, म्हणजे कधी दहा, कधी अकरा आणि फेब्रुवारीत आठ किंवा नऊ दिवसांचे असते. हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते, आणि नेमके म्हणूनच ते कोणी सांगत नाही. जे सर्वांना ठाऊक असते ते विश्लेषकाला विचारूनच काढावे लागते.

हे सगळे समजल्यावर ते मांडायचे कसे? १९७०च्या दशकाच्या अखेरीस टॉम डीमार्को, एडवर्ड योर्डन आणि त्यांच्या समकालीनांनी माहितीच्या प्रवाहाची आकृती काढण्याची पद्धत रूढ केली. तिच्यात खुणा चारच असतात: बाहेरच्या घटकासाठी चौकोन, प्रक्रियेसाठी वर्तुळ, साठवणीसाठी दोन समांतर रेषा आणि प्रवाहासाठी बाण. सर्वांत वरच्या आकृतीत सगळी संस्था एकाच वर्तुळात बसवतात आणि भोवती सभासद, संघ, बँक आणि पशुखाद्याचा पुरवठादार एवढेच चौकोन काढतात. मग ते वर्तुळ उघडून त्यातली वर्तुळे दाखवायची, आणि गरज असेल तर त्यांतलेही एखादे उघडायचे. ही आकृती काय केले जाते ते दाखवते, कशाने केले जाते ते दाखवत नाही. म्हणजे ‘दर ठरवणे’ हे वर्तुळ भिंतीवर चिकटवलेल्या दरपत्रकाला जेवढे लागू पडते तेवढेच संगणकालाही. आकृतीचा खरा उपयोग चुका पकडण्यात असतो. एखाद्या वर्तुळात बाण जातात आणि बाहेर काहीच येत नसेल, तर ते कृष्णविवर समजायचे. काहीच आत न जाता बाहेर आकडे येत असतील, तर तो चमत्कार. वीज गेल्यावर लिहिलेला कालचा फॅट हा असा चमत्कार आहे, आणि आकृती प्रामाणिकपणे काढली तर तो लपत नाही.

आकृतीबरोबर एक कोशही तयार करावा लागतो, ज्यात प्रणालीतल्या प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ लिहिलेला असतो. हे काम सर्वांत कंटाळवाणे आहे, आणि वर उल्लेख केलेली तूट पुष्कळदा याच कोशात सापडते. ‘दूध २०’ असे वहीत लिहिले आहे. वीस काय, लिटर की किलो? काटा किलो दाखवतो, दर लिटरला ठरलेला असतो, आणि एक लिटर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलो भरते. म्हणजे हजार किलो दूध हे सुमारे ९७१ लिटर होते. काट्यावरचा आकडा तसाच लिटर म्हणून लिहिला गेला आणि संघाने मात्र नीट रूपांतर करून पैसे दिले, तर हजार किलोमागे २९ लिटरचे पैसे संस्थेच्या पदरचे जातात. यात कोणी चोरी केलेली नसते. वहीच्या एका रकान्यावर एकक लिहायचे राहिलेले असते.

सरासरी हा असाच दुसरा शब्द. एकाने २० किलो दूध ३.५ फॅटचे घातले आणि दुसऱ्याने ५ किलो ६.० फॅटचे, तर दोन आकड्यांची साधी सरासरी ४.७५ येते. एकत्र केलेल्या दुधाचा फॅट मात्र ४.० असतो, कारण पहिल्याच्या दुधाचे वजन चौपट आहे. ‘सरासरी फॅट’ एवढेच कागदावर लिहिले, तर आज्ञावली लिहिणारा यापैकी कुठलीही काढून मोकळा होईल, आणि दोन्ही वेळा आपण सांगितल्याप्रमाणे केले असे म्हणेल. तो खोटे बोलत नसेल.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगता येतात. नवी प्रणाली तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, परवडणारी आहे का आणि तिथल्या माणसांना ती चालवता येईल का, हे तीन प्रश्न विचारून शक्यता तपासायची. त्यातला तिसरा प्रश्न बहुधा घाईत उरकला जातो. मग गरजांचे लेखी पत्रक, आराखडा, आज्ञावली, चाचणी आणि प्रत्यक्ष बदल. बदल एका रात्रीत करण्यापेक्षा जुनी वही आणि नवा संगणक किमान एक पूर्ण बिल संपेपर्यंत बरोबरीने चालवावेत आणि दोन्हींचे आकडे रोज ताडून पाहावेत. लायन्सचे लोकही नव्या कामाची उत्तरे विश्वास बसेपर्यंत जुन्या पद्धतीच्या उत्तरांशी ताडून पाहत असत.

जिथे माणसालाच तूट ठरवले

लिओचे घराणे पुढे कुठे गेले, हे पाहण्यासारखे आहे. लायन्सची संगणक कंपनी १९६३ साली इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक व्यवसायात विलीन झाली, १९६८ साली तो व्यवसाय आयसीएल या कंपनीचा भाग झाला आणि आयसीएल कालांतराने जपानच्या फुजित्सूच्या ताब्यात गेली. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसची होरायझन ही हिशेबप्रणाली उभारली ती आयसीएलच्या एका उपकंपनीने. दोन कामांमध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले होते आणि माणसे सर्वस्वी वेगळी होती, तेव्हा घराण्यावरून काही सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. पण दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की विश्लेषणात काय राहून जाऊ शकते ते स्पष्ट दिसते.

तिथली बहुसंख्य टपाल कार्यालये सबपोस्टमास्तर चालवतात. ते पगारी नोकर नसून करारावर काम करतात, आणि अनेकदा टपालाबरोबर गावातले किराणा दुकानही चालवतात. १९९९ पासून त्यांच्याकडे होरायझन बसवली जाऊ लागली. काही कार्यालयांत दिवसाअखेर संगणकावरची रक्कम आणि गल्ल्यातली रोकड जुळेना. पोस्ट ऑफिसने कराराचा अर्थ असा लावला होता की हिशेबात आलेली तूट सबपोस्टमास्तरनेच भरून द्यायची. मदतीसाठी फोन करणाऱ्यांपैकी अनेकांना सांगण्यात आले की अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. लोकांनी घरे गहाण टाकून पैसे भरले, आणि ज्यांना भरता आले नाहीत त्यांच्यावर चोरीचे किंवा खोटे हिशेब लिहिल्याचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरवले गेले आणि त्यांतल्या काहींनी तुरुंगवास भोगला. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की होरायझनमधल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात तफावत येऊ शकत होती, आणि प्रत्यक्षात तशी आलीही होती. शाखेच्या हिशेबात दूरवरून बदल करणे शक्य होते, हेही न्यायालयापुढे सिद्ध झाले. पोस्ट ऑफिस ते अनेक वर्षे नाकारत आले होते. अखेर २०२४ साली ब्रिटिश संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकाच वेळी रद्द कराव्या लागल्या.

आज्ञावलीत दोष असणे ही यातली असाधारण गोष्ट नव्हे; एवढ्या मोठ्या आज्ञावलीत दोष नसणे हेच असाधारण ठरले असते. सीमा कुठे आखली गेली, ते पाहायला हवे. सबपोस्टमास्तर प्रणालीच्या आत होता तो केवळ तूट भरून देणारा म्हणून, प्रत्याभरण देणारा म्हणून नव्हता. त्याने ‘आकडा चुकला आहे’ असे सांगितले तर ते ऐकून यंत्र तपासले जाईल असा बाणच त्या आकृतीत नव्हता. होता तो उलट दिशेचा, यंत्राकडून माणसाच्या खिशाकडे जाणारा. शेकडो ठिकाणांहून आलेल्या तक्रारी एकत्र मांडल्या असत्या, तर तेच सर्वांत मोलाचे प्रत्याभरण ठरले असते, पण प्रत्येक तक्रार सुटी ठेवली गेली आणि सुटी तक्रार म्हणजे सबब, असे मानले गेले. लायन्सच्या व्यवस्थापिकेला रोज ठरलेल्या वेळी ‘बदल काय?’ असे विचारले जात होते. इथे बदल सांगणाऱ्यालाच आरोपी केले गेले.

म्हणून दूध केंद्राच्या गरजांचे पत्रक लिहिताना दर आणि बिलांच्या नियमांइतकीच जागा मी तक्रारीच्या नियमांना देईन. सभासदाने फॅटवर हरकत घेतली तर त्याच नमुन्याची त्याच्यासमोर पुन्हा तपासणी व्हावी. पहिले वाचन खोडू नये, दोन्ही वाचने वेळेसकट नोंदीत राहावीत. दुरुस्ती कोणी केली ते त्याच्या क्रमांकासह दिसावे. ठरावीक दिवसांनी काही नमुने जुन्या गर्बर पद्धतीने, आम्ल आणि ब्युटिरोमीटर, म्हणजे स्निग्धांश मोजायची काचनळी, वापरून, तपासावेत आणि यंत्राचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहावा. सभासदांच्या स्निग्धांशाची बेरीज आणि टँकरमधला स्निग्धांश यांतला फरक दर बिलाच्या शेवटी छापून, तो किलोमध्ये आहे असे स्पष्ट लिहून, संकलन केंद्राच्या दारावर लावावा, म्हणजे रांगेतल्या प्रत्येकाला तो वाचता येईल.